तीन, एक, दोन : बंदुकीच्या दुकानातला मंगळवार

सकाळी ९.१०
कोल्हापूर, १० डिसेंबर २०१९. बिंदू चौकापासून चालत पाचेक मिनिटांवरचं अरुंद दुकान. दर्शनी बाजू जेमतेम दहा फुटांची. शटरला दोन कुलपं, आत सरकता लोखंडी दरवाजा, त्याला तिसरं. दोन किल्ल्या मालकांकडं, एक मिस्त्रींकडं. दोघं आल्याशिवाय दुकान उघडत नाही. मिस्त्री केएमटीच्या बसनं आलेत. तिकीट बारा रुपये. वय एकसष्ट. सतराव्या वर्षी इथं झाडलोटीला लागले, विसाव्या वर्षी हातात कानस आली. मालक पस्तिशीचे, तिसऱ्या पिढीतले. मिस्त्रींनी त्यांना कडेवर खेळवलंय, तरी बोलताना ‘दादा’ आणि ‘तुम्ही’.

पहिलं काम मोजणीचं. मालक रजिस्टरमधला नंबर वाचतात, मिस्त्री नळीवरचा नंबर बघून ‘हाय’ म्हणतात. विक्रीच्या अकरा. दुरुस्तीच्या नऊ. ठेवीच्या एक्केचाळीस. ठेवीच्या म्हणजे लोकांनी ठेवायला दिलेल्या. कुणी परदेशी गेलाय. कुणी वारलाय आणि वारसाचा अर्ज अडकलाय. कुणी ऑक्टोबरात विधानसभेच्या निवडणुकीआधी जमा केली, ती न्यायला अजून आलेला नाही. एका बंदुकीचं महिन्याचं भाडं दीडशे रुपये. मोजणीला पंचवीस मिनिटं जातात. एक जरी कमी भरली तरी दुकानाचा परवाना धोक्यात येतो, म्हणून घाई कुणीच करत नाही.

सकाळी ९.४०
चहा येतो. मालक पेपर उघडतात. पहिलं पान नागरिकत्व विधेयकाचं. ते लोकसभेत मध्यरात्र उलटल्यावर मंजूर झालंय. मालकांना हवी ती बातमी आतल्या पानावर आहे, एका कॉलमात. त्याच लोकसभेनं काल शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयकही मंजूर केलं.

गेले दहा-बारा दिवस या दुकानातला फोन त्याच विधेयकानं वाजतोय. शस्त्र कायदा १९५९ सालचा. एका माणसाकडं जास्तीत जास्त तीन बंदुका, ही मर्यादा त्यात १९८३ साली आली. २९ नोव्हेंबरला सरकारनं लोकसभेत दुरुस्ती मांडली. तीनाच्या जागी एक. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. तिकडं पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. सूचना येत गेल्या. काल सभागृहात गृहमंत्री अमित शहांनी एकाच्या जागी दोन मान्य केल्या. तीन, मग एक, आता दोन. आज विधेयक राज्यसभेत येणार आहे.

मालक बातमी कात्रीनं कापतात आणि काउंटरच्या काचेखाली सरकवतात. ‘निदान शंभर जण विचारतील,’ म्हणतात. ‘बोट ठेवून दाखवता येईल.’

सकाळी १०.०५
मिस्त्रींचं टेबल मागच्या खोलीत. खिडकी नाही, डोक्यावर ट्यूबलाइट. टेबलाला घट्ट बसवलेला व्हाइस, त्याच्या जबड्यांवर चामड्याचे तुकडे, म्हणजे नळीला ओरखडा पडत नाही. चौदा कानशी, सात पेचकस, पितळी हातोडी, एक लाकडी. रॉकेलचा डबा, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, जुन्या धोतराच्या चिंध्या.

व्हाइसमध्ये दुनळी आहे. ऑगस्टच्या महापुरात प्रयाग चिखलीच्या बाजूच्या एका घरात कपाटासकट चार दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर बंदुकीच्या मालकानं ती बाहेरून पुसली, तेल लावलं आणि चादरीत गुंडाळून ठेवली. तीन महिने गंज आतून खात राहिला.

बंदुकीच्या पोटाखाली एक पत्रा असतो, दोन स्क्रूंवर बसवलेला. ते स्क्रू धरून बसलेत. मिस्त्रींनी काल संध्याकाळी त्यांवर रॉकेल सोडून ठेवलं होतं. आता ते एक पेचकस घेतात, स्क्रूच्या खाचेत टेकवून बघतात, परत काढतात. जरा सैल आहे. पेचकसाचं टोक कानशीनं घासतात. पुन्हा बघतात. पुन्हा घासतात. खाच पूर्ण भरली पाहिजे, नाहीतर डोकं उडतं आणि मग ड्रिल मारण्यावाचून इलाज उरत नाही. तिसऱ्या वेळी टोक चपखल बसतं. पेचकसाच्या मुठीवर लाकडी हातोडीचा हलका ठोका. उजवीकडं केसभर, मग डावीकडं. पुन्हा ठोका. सोळा-सतरा मिनिटांनी पहिला स्क्रू पाव आटा फिरतो. मिस्त्री थांबतात, रॉकेलचा एक थेंब सोडतात आणि हात पुसतात.

पत्रा निघतो. आत पंचगंगेचा गाळ, वाळून घट्ट झालेला. स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत, घोड्यांच्या मागं, चापाच्या खाचेत. दात घासायच्या जुन्या ब्रशनं आणि रॉकेलनं तो थोडा थोडा सुटतो. डब्यातलं रॉकेल तांबडं होतं.

मग नळ्या. मिस्त्री त्या ट्यूबलाइटकडं धरतात आणि एक डोळा लावतात. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक सरळ जातात. इथं डाव्या नळीत ती तुटलीत. चट्टे पडलेत. काडतूस बसतं त्या जागेपासून दोन बोटांवर.

‘हे खोल असलं तर मी न्हाई देणार चालवायला,’ ते म्हणतात. ‘पैसं गेलं तरी चालंल. फुटली तर त्याचा हात जाईल.’

पूर्ण कामाची मजुरी पंचवीसशे ठरलीय. बंदूक चालवण्याजोगी नसेल तर फक्त उघडून साफ केल्याचे सहाशे. निर्णय उद्या, चट्ट्यांची खोली मोजल्यावर.

सकाळी ११.३५
एका सहकारी बँकेच्या दारावरचे गनमन येतात. माजी सैनिक, पंचावन्नच्या पुढचे, बूट अजून आरशासारखे. बारा बोअरची एकनळी. चाप ओढला की कधी टिचकी बसते, कधी बसत नाही.

बंदूक त्यांची स्वतःची. नोकरी त्या बंदुकीवरच आहे. बिनबंदुकीच्या वॉचमनला एजन्सी नऊ हजार देते, बंदूकवाल्याला चौदा. परवाना, दुरुस्ती, तेलपाणी, सगळं ज्याचं त्यानं बघायचं.

मिस्त्री बंदूक मोडून आत कुणी काडतूस ठेवलेलं नाही याची खात्री करतात. गनमननी दारातच तपासून दाखवलीय, तरी पुन्हा तपासतात. पिन काढतात. टोक झिजून बसकं झालंय. नवी पिन बाजारात मिळेलच असं नाही. ते पोलादी सळईचा तुकडा कापतात, ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरतात आणि फिरत्या सळईवर कानस चालवतात. मध्येमध्ये जुन्या पिनेशी ताडून बघतात. टोक गोल हवं. अणकुचीदार झालं तर काडतुसाची टोपी फोडून गॅस मागं येतो. मग गॅसच्या ज्योतीवर लाल करून तेलात विझवतात आणि पुन्हा हलकं तापवतात. पाऊण तास जातो. सळई आणि गॅसचे सत्तर, मजुरी तीनशे ऐंशी. एकूण साडेचारशे.

तोवर गनमन काउंटरच्या काचेखालचं कात्रण वाचतात. बोट एका ओळीवर थांबतं. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं होणार.

‘हे बरं केलं,’ ते म्हणतात. नूतनीकरणाला त्यांचे तीन खाडे पडतात. एक अर्जाला, एक पोलीस ठाण्यात, एक परवान्याची वही आणायला. खाड्याचा दिवस बिनपगारी. वर फोटो, झेरॉक्स, चलन. हे सगळं आता तीनाऐवजी पाच वर्षांनी. काल लोकसभेत जे काही झालं, त्यातलं एवढंच त्यांच्या घरखर्चात उतरणार आहे. ते कात्रणाचा फोटो काढून घेतात, एजन्सीतल्या इतरांना पाठवायला.

दुपारी १२.४०
आजऱ्याकडचे एक शेतकरी. एसटीनं आलेत. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक. परवाना शेती संरक्षणाचा, वडिलांपासूनचा. ऊस आहे पावणेदोन एकर, कडेला भात. रात्री गवे उतरतात, डुकरं तर रोजची. गव्याला मारायची सोय नाही. १९७२ च्या कायद्यानं तो पहिल्या अनुसूचीत आहे. डुकरालाही परवानगीवाचून हात लावता येत नाही. बंदूक वाजवायची ती आवाजासाठी, आभाळाकडं तोंड करून.

‘बार निघंना झालाय मिस्त्री. टोपी फुटती, पर बार न्हाई.’

मिस्त्री बंदूक हातात घेतात आणि प्रश्न न विचारता गज काढतात. गज नळीत सोडतात, तळाला टेकला की तोंडाशी अंगठ्यानं खूण धरतात. बाहेर काढून तोच गज नळीच्या बाजूनं लावतात. अंगठा एका टोकाला. दुसरं टोक तळापासून चार बोटं अलीकडं थांबतं.

‘भरल्याली हाय ही.’

खोलीत कुणी काही बोलत नाही. शेतकरी आठवायला लागतात. चार रात्रींमागं भरली होती. गवे आले नाहीत. मग बायको आजारी पडली. ती तशीच राहिली. टोपी काढली होती, एवढं नक्की. मध्येच एकदा टोपी लावून वाजवून बघितली, बार गेला नाही. मग गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन इथवर.

‘शेजारी कोण बसलं हुतं?’ मिस्त्री विचारतात.

‘एक बाई हुती. लेकरू हुतं कडंला.’

‘मग?’

शेतकरी खाली बघतात.

मिस्त्री नळीचं तोंड भिंतीकडच्या वाळूच्या पोत्यात घालतात. टोपी बसते ती बारीक नळी पान्यानं काढतात. तिचं भोक काजळीनं बुजलंय, म्हणून ठिणगी दारूपर्यंत पोचलीच नाही. त्या वाटेनं आत पाणी सोडतात, थोडं थोडं. पंधरा मिनिटं दारू भिजू देतात. मग गजाच्या टोकाला स्क्रूसारखा आकडा बसवून वरून आत फिरवतात. आधी नारळाच्या काथ्याचा बोळा येतो, मागून काळा चिखल. छर्रे नव्हते, नुसतीच दारू होती. तरी इतक्या जवळून काथ्याचा बोळासुद्धा माणूस जायला पुरतो.

पुढं गरम पाणी आणि साबण. ठासणीची काजळी तेलानं निघत नाही, पाणीच लागतं. तीन तपेल्या. पाणी काळं येतं, मग करडं, मग स्वच्छ. सुईनं भोक मोकळं. चिंधी फिरवून नळी कोरडी, मग तेलाचा हात.

शेतकरी हळूच विचारतात, ‘दिल्लीत कायतरी चाललंय म्हनं. आमची काढून घेनार काय?’

‘तुमची एकच हाय. एकीला कोन काय करत न्हाई.’ मिस्त्री बंदूक परत गोणपाटात गुंडाळतात. ‘पर दुसरं एक आलंय बगा त्यात. लग्नात, जत्रंत बार काढला, न्हाईतर बेफिकिरीनं वाजवून कुनाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षं. न्हाईतर लाख रुपये दंड. न्हाईतर दोन्ही. पोराचं लगीन हाय न्हवं तुमच्या?’

‘वैशाखात.’

‘मग त्या दिवशी ही कपाटात.’

मजुरी दोनशे होते. मिस्त्री दीडशे घेतात. शेतकरी सुट्ट्या नोटा मोजून देतात. परतीच्या एसटीला बहात्तर रुपये बाजूला ठेवलेत, ते वेगळ्या खिशात.

दुपारी १.५०
जेवण. डब्यात ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी, कांदा. मालक शेजारच्या गल्लीत घरी जातात, तेव्हा शटर अर्धं खाली. मिस्त्री एकटे असताना गिऱ्हाईक घेत नाहीत.

बोलता बोलता ते आपला हिशेब सांगतात. रोज पाचशे पक्के. वर पूर्ण झालेल्या कामाच्या मजुरीतला अर्धा वाटा. दसऱ्याच्या आधी काम भरपूर असतं, खंडेनवमीला घराघरातल्या बंदुका पूजेला निघतात, त्यामुळं सफाईला येतात. पावसाळा तसा सुना. यंदा मात्र पुरामुळं गंजलेल्या तेवीस आल्या. मुलगा गोकुळ शिरगावात सीएनसी मशीन चालवतो. हे काम त्यानं शिकलं नाही, मिस्त्रींनी आग्रह केला नाही.

दुपारी २.३०
मालक परत येतात, मोबाइलवर राज्यसभा टीव्ही लावून. आवाज बारीक. त्याच वेळी दारात जीप थांबते.

पन्हाळ्याच्या अंगाचं इनामदार घराणं. मिस्त्री उठून उभे राहतात. ‘या सरकार.’ सत्तरीचे गृहस्थ, हातात परवान्याची वही, मागं गड्याच्या खांद्यावर दोन लांब खोळी. तिसरं शस्त्र कमरेला. तिन्ही काउंटरवर येतात.

पहिली आजोबांची दुनळी, इंग्लंडात बनलेली. घोड्यांवर वेलबुट्टी. दुसरी इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल, वडिलांनी घेतलेली. तिसरं कानपूरच्या कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर, त्यांनी स्वतः घेतलेलं, उसाच्या बिलाची रोकड घरी यायची त्या काळात. तीन पिढ्या, तीन शस्त्रं आणि आजवरच्या कायद्यात बरोबर तीनच बसत होती.

‘एक म्हणाले तेव्हा झोप लागली नाही,’ ते म्हणतात. ‘आता दोन म्हणतायत. पण मग तिसरी कुठली?’

मालक वाट समजावून सांगतात. आज राज्यसभा. मग राष्ट्रपतींची सही. मग राजपत्र. त्या तारखेपासून एक वर्ष. वर्षाच्या आत जास्तीची बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची. वर्ष संपलं की नव्वद दिवसांत तिचा परवाना रद्द. मधल्या काळात दुसऱ्या परवानाधारकाला विकता येईल.

‘चिरंजीवांच्या नावावर?’

‘त्यांनी परवाना काढला तर होईल. वारसा म्हणून आली तरी त्यांनाही दोनाचीच मर्यादा.’

चिरंजीव पुण्यात आहेत, हिंजवडीला. गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं होतं. त्यांना नको आहे. फ्लॅटमध्ये लहान मुलं आहेत, कपाटाला कुलूप लावून रोज त्याचीच काळजी कशाला, असं ते म्हणाले. इनामदार हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत.

‘विकायची म्हटली तर?’

मालक दुनळी उचलून बघतात, परत ठेवतात. मागच्या वर्षी अशा बंदुकीला हौशी गिऱ्हाईक वीस हजार सहज द्यायचं. आता ज्याच्याकडं तीन आहेत तो प्रत्येक जण विकायला निघणार. घेणारा ज्याच्याकडं शून्य किंवा एक आहे असाच हवा. ‘आज मी सात देईन. उन्हाळ्यात कदाचित पाच.’

इनामदार मिस्त्रींकडं वळतात. ‘तुम्ही सांगा. तिन्ही तुमच्या हाताखालून गेल्यात.’

मिस्त्री वेळ घेतात. रायफलीचा बोल्ट मागं ओढतात, आत बघतात, पुढं सारतात. ‘ही द्या सरकार. शिकार बंद हून पन्नास वर्षं हुत आली. हिला काम न्हाई. लांबवर जाती ही, मैलावरच्या मानसाला लागंल. रिवॉल्वर तुमी वापरत न्हाई, पर ते कुलपात ऱ्हातं. आन आजोबांची पूजेला लागती.’

इनामदार मान हलवतात. हो म्हणत नाहीत. रायफल वडिलांची आहे. त्यांनी ती कशी आणली, पहिल्या दिवशी अंगणात कोण कोण जमलं होतं, हे ते थोडक्यात सांगतात. मिस्त्री ऐकून घेतात. मग दुनळी सफाईला ठेवून घ्यायची ठरते. चारशे रुपये, तासाभराचं काम. बाकीच्या दोन जीपमध्ये परत जातात. रजिस्टरमध्ये नोंद : परवाना क्रमांक, बंदुकीचा नंबर, बोअर, बनावट, वेळ, सही.

दुपारी ४.१५
एक मुलगी, दहावीतली, वडिलांबरोबर. एअर रायफलचे छर्रे हवेत, दोन डबे. या गावात नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत ही घराघरातली नावं. तेजस्विनीनं गेल्याच महिन्यात दोह्यात टोकियो ऑलिंपिकचा कोटा मिळवलाय. शनिवारी-रविवारी रेंजवर रांग लागते.

वडील रिक्षा चालवतात. छर्र्यांचा डबा उलटसुलट करून किंमत बघतात. एकच डबा घेतात. त्यांचाही प्रश्न तोच, पुढं खरी रायफल घ्यायची वेळ आली तर? मालक सांगतात, खेळाडूंच्या शस्त्रांना धक्का लागणार नाही असं सरकार म्हणतंय. पुढं फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं तशी वेगळी अधिसूचना काढलीही. आज मात्र हातात फक्त शब्द आहे.

मुलगी काउंटरवरच्या रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या चामडी खोळीकडं बघतसुद्धा नाही. डब्यावरचा छर्र्याचा आकडा वाचते, तो बरोबर आहे का हे वडिलांना दाखवते.

संध्याकाळी ५.२०
कटवडा, पंधरा रुपये. मिस्त्री इनामदारांची दुनळी पुसायला घेतात. मालकांच्या मोबाइलवर राज्यसभेचं कामकाज चालू आहे. दुकानात बसून ऐकलं की एक गोष्ट जाणवते. बोलणं सगळं परवान्याच्या बंदुकांभोवती फिरतं. गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकड्यांनुसार देशात ३३ लाख ६९ हजारांच्या आसपास परवाने. त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४,०५०. इतके परवाने, म्हणजे तितक्या वह्या, तितकी नावं, तितके पत्ते. त्यांना बोलावता येतं.

दुसरा आकडा मी वहीत लिहून आणलाय. राष्ट्रीय गुन्हे नोंदीत २०१६ साली बंदुकीनं खून झालेली माणसं ३,७७५. त्यातली ३,४५३ बिनपरवाना शस्त्रानं मेलेली. तो मिस्त्रींना वाचून दाखवतो.

ते पुसायचं थांबवतात. ‘गावठी,’ म्हणतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा एका माणसानं पिशवीतून एक आणलं होतं, ‘जरा पिन बसवून द्या’ म्हणून. पाण्याच्या पाइपाची नळी, सायकलच्या सुट्या भागांचा चाप. नंबर नाही, बनावट नाही. मिस्त्रींनी हात लावला नाही. हजार रुपये देऊ केले होते, त्या काळात महिन्याचा पगार तेवढा नव्हता. ‘त्याचा चेहरा अजून ध्येनात हाय. कुनावर चालिवलं आसंल, ठावं न्हाई.’

या विधेयकात त्या पिशवीसाठीही कलम आहे. बेकायदा शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, याला आजवर तीन ते सात वर्षं होती. आता कमीत कमी सात, जास्तीत जास्त जन्मठेप. पोलिसाचं शस्त्र हिसकावून घेणाऱ्याला दहा वर्षं ते जन्मठेप. शस्त्रांची तस्करी आणि टोळ्यांचे गुन्हे यांच्या व्याख्या कायद्यात पहिल्यांदाच येतायत. मला हा भाग विधेयकातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ बोललं जावं असंही वाटतं. शिक्षा कागदावर वाढली तरी पाइप कापणाऱ्या हातापर्यंत कुणीतरी पोचावं लागतं. परवान्याच्या वहीत त्याचा पत्ता नसतो.

‘बंदुका कमी झाल्या तर तुमचं काम कमी होईल,’ मी म्हणतो.

‘हू दे की.’ मिस्त्री नळीवरून चिंधी फिरवतात. ‘दुपारचं बघितलंसा न्हवं? एसटीत लेकरू हुतं शेजारी.’

संध्याकाळी ६.५०
मालकांच्या मोबाइलवर बातमी येते. राज्यसभेतही मंजूर, आवाजी मतदानानं. २९ नोव्हेंबरला मांडलेलं विधेयक बाराव्या दिवशी दोन्ही सभागृहांतून बाहेर पडलं.

फोन लगेच सुरू होतात. पहिला कागलहून, दुसरा गडहिंग्लजहून, तिसरा सांगलीतल्या एका डॉक्टरांचा. प्रश्न एकच. मालक प्रत्येकाला तेच सांगतात. दोन ठेवा, तिसरीचं ठरवा, वर्ष आहे. चौथ्या फोननंतर कोरं रजिस्टर काढून रेघा मारायला घेतात. नाव, परवाना, बंदूक, जमा तारीख, भाडं, शेरा.

मिस्त्री दिवसाचा हिशेब करतात. गनमनची मजुरी तीनशे ऐंशी, ठासणीची दीडशे, दुनळीची चारशे. नऊशे तीस. अर्धा वाटा चारशे पासष्ट. रोजचे पाचशे. नऊशे पासष्ट. बसचे जाऊन-येऊन चोवीस आणि वड्याचे पंधरा वजा जाता हातात नऊशे सव्वीस. पुराच्या दुनळीचे अजून खात्यावर नाहीत.

संध्याकाळी ७.१५
राष्ट्रपतींची सही १३ डिसेंबरला होईल आणि १४ डिसेंबरपासून कायदा लागू होईल. आज दुकानात मात्र त्याआधीचं काम निघालंय. ठेवीच्या रॅकमध्ये पंचेचाळीस खाचा, त्यातल्या एक्केचाळीस भरलेल्या. मालकांचा अंदाज, वर्षात आणखी साठेक येतील. साठ गुणिले दीडशे, महिन्याला नऊ हजार. त्यासाठी नवं रॅक हवं, लोखंडी जाळीचं, कुलपासकट. मालक उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला फोन लावतात. तो बावीस हजार म्हणतो. मालक अठरा.

मिस्त्री टेप काढतात. खाच अडीच इंच, दोन खाचांमध्ये दीड. खालचा टेकू लाकडी, दस्ता चिरू नये म्हणून. मालकांना खूण करतात आणि फोन आपल्या हातात घेतात.

‘खाचंला आतून फेल्ट लावा म्हनावं. व्हय, सगळ्यांना. नळीला लोखंड घासलं तर गंज धरतो. लोकांच्या वस्तू हायत, वर्षानं परत न्यायला आलं तर जशी दिली तशी दिसली पायजे.’

पलीकडून फेल्टचे दीड हजार वेगळे सांगितले जातात. मालक क्षणभर मिस्त्रींकडं बघतात आणि हो म्हणतात. एकूण साडेएकोणीस हजार, पाच हजार ॲडव्हान्स, शनिवारपर्यंत रॅक बसवून देण्याच्या बोलीवर.